खातेदार आणि खोरे : ‘झाडाझडती’ व ‘रिंगाण’ या कादंबऱ्यांतील धरणानंतरचे गाव

प्रास्ताविक

मराठी ग्रामीण कादंबरीने दुष्काळ, सावकारी, सहकारी संस्थांचे राजकारण, शिक्षणातून येणारे तुटलेपण असे अनेक विषय हाताळले. धरणाचा विषय मात्र महाराष्ट्राच्या भूगोलात जितका व्यापक आहे, तितका मराठी कादंबरीत उमटलेला नाही. देशातील सर्वाधिक मोठी धरणे ज्या राज्यात आहेत, त्या राज्याच्या भाषेत धरणाने बदललेल्या खोऱ्याविषयीच्या ठळक कादंबऱ्या बोटांवर मोजाव्या लागतात. त्यांत विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ या दोन कादंबऱ्यांना विशेष महत्त्व आहे. पहिलीला १९९२ चा आणि दुसरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही लेखक कोल्हापूर परिसरातले आहेत आणि डोंगर, पाऊस व खाचरे यांच्याशी दोघांचाही जवळचा परिचय आहे. तरीही या दोन कादंबऱ्यांत तीन दशकांचे अंतर आहे आणि ते केवळ कालाचे नाही. प्रस्तुत लेखात या अंतराचा विचार केला आहे.

धरण म्हटले की वाढणारे पाणी, बुडणारे देऊळ, निरोप घेणारी म्हातारी माणसे असे चित्र वाचकाच्या मनात उभे राहते. उजनीच्या जलाशयात पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरल्यावर वर येते आणि त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून दरवेळी नव्याने छापली जातात. या चित्राची मोहिनी समीक्षेने थोडी बाजूला सारणे आवश्यक आहे. खोऱ्यात पाण्याआधी मोजणी येते. कोणाची किती जमीन, कोणाचे किती झाड, कोणाचे घर किती खणांचे हे कागदावर उतरते, आणि या कागदात ज्याचे खाते आहे तोच पुढे ‘धरणग्रस्त’ ठरतो. खोऱ्यातील समाजजीवनाचा पहिला बदल येथे घडतो. पाण्याने गाव बुडते ही गोष्ट खरीच. परंतु त्याआधी ते गाव खातेदारांच्या यादीत रूपांतरित झालेले असते. धरणविषयक कादंबरीचे मूल्यमापन करताना ती या यादीच्या बाहेर किती जाऊ शकते, हा प्रश्न मध्यवर्ती मानावा लागेल.

मुळशी ते कोयना

हा प्रश्न आजचा नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि वि. म. भुस्कुटे यांची नावे या लढ्याशी कायमची जोडली गेली आहेत. सर्वसाधारण समज असा की एका बाजूला कंपनी व सरकार आणि दुसऱ्या बाजूला मावळे, असा हा सरळ संघर्ष होता. राजेंद्र व्होरा यांच्या संशोधनाने हे चित्र गुंतागुंतीचे केले. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्यातील सावकारांच्या नावावर होती आणि ती कसणारे मावळे कूळ म्हणून राबत होते. भरपाईचा प्रश्न आला तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ‘बाधित’ होते ते जमिनीचे मालक, आणि योग्य दराची शक्यता दिसताच त्यांच्या विरोधाची धार बोथट झाली. ज्याची जमीन कागदावर नव्हती पण आयुष्य त्याच जमिनीवर होते, त्याच्यासाठी १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यात फारसे काही नव्हते. पहिल्याच लढ्यात खातेदार आणि खोरे यांची अशी फारकत झालेली दिसते.

कोयनेच्या बाबतीत ही फारकत आणखी तीव्र आहे. १९५४ मध्ये काम सुरू झाले आणि साठच्या दशकाच्या आरंभी जावळी व पाटण भागातील खोऱ्यात पाणी साठू लागले. विस्थापितांना ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पाठविण्यात आले. भातखाचरे करणाऱ्या कुटुंबाला सोलापूरच्या कोरडवाहू काळ्या जमिनीत उभे करणे म्हणजे काय, हे समजायला शेतीतज्ज्ञ असण्याची गरज नाही. त्यावेळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये आला, पुढे १९८६ व १९९९ मध्ये नव्या स्वरूपात आला. या कायद्याचे मूळ तत्त्व असे की धरणाच्या लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून काही जमीन घेऊन ती बुडीत क्षेत्रातील खातेदारांना द्यावी. तत्त्व न्याय्य आहे. परंतु कोयना हा मुख्यतः वीजनिर्मितीचा प्रकल्प. खोऱ्यातील पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरते, वीज देऊन वाशिष्ठीला मिळते आणि शेवटी समुद्राला जाते. ज्या पाण्यासाठी जावळीचे खोरे रिकामे झाले, त्या पाण्याला शेजारचे असे लाभक्षेत्र फारसे नव्हतेच. त्यामुळे ‘तुमच्या त्यागावर शेजारच्या तालुक्यात ऊस उभा राहिला’ असे म्हणायचीही सोय कोयनेच्या माणसाला राहिली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने जी वस्ती उरली होती तिलाही हादरा दिला. सुमारे १८० माणसे त्यात मृत्युमुखी पडली.

२०१८ मध्ये, म्हणजे पाणी अडविल्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, कोयनेच्या धरणग्रस्तांनी कोयनानगर येथे दीर्घकाळ ठिय्या दिला. त्यांच्या मागण्यांत जमिनीबरोबर संकलन याद्यांचाही प्रश्न होता. विस्थापितांची तिसरी पिढी आपण विस्थापित आहोत हे सिद्ध करण्यासाठी आजोबांच्या नावाचा कागद शोधत होती.

‘झाडाझडती’ : कागदाची कथा

या पार्श्वभूमीवर ‘झाडाझडती’कडे पाहिले म्हणजे तिचे सामर्थ्य स्पष्ट होते. जांभळी हे गाव, तेथील खैरमोडे गुरुजी, हैबतीसारखा मातीत मुळे रुजलेला शेतकरी आणि त्यांच्याभोवती उभे राहिलेले कचेऱ्या, पुढारी, मध्यस्थ, लाभक्षेत्रातील धनदांडगे यांचे जग हा या कादंबरीचा व्याप आहे. लेखक स्वतः महसूल प्रशासनात अधिकारी होते. त्यामुळे नोटीस, निवाडा, पंचनामा, ताबा, वाटप या शब्दांना येथे केवळ संदर्भमूल्य उरत नाही, ते शब्द पात्रांच्या आयुष्यात शिरून काम करतात. या कादंबरीची चर्चा बहुधा ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून होते आणि या शब्दात प्रशंसेइतकीच किंचित उपेक्षाही असते, जणू दस्तऐवज असणे हे कलाकृतीचे उणेपण आहे. हा आक्षेप येथे गैरलागू आहे. ज्या समाजाचे भवितव्य दस्तऐवजात ठरते त्याची कथा दस्तऐवजाच्या भाषेला टाळून लिहिली असती तर ती अप्रामाणिक ठरली असती. शीर्षकही याच जगातले आहे. झाडाझडती पोलीस घेतात, अधिकारी घेतात. गरिबाच्या घरातले भांडे न् भांडे उलटेपालटे केले जाते. कादंबरी हाच शब्द उलटा फिरवते आणि झडती घेणाऱ्यांचीच झडती घेऊ पाहते.

खैरमोडे गुरुजींच्या व्यक्तिरेखेत या कादंबरीचा खरा ताण आहे. गुरुजी लिहू-वाचू शकतात, म्हणूनच गाव त्यांच्या मागे आहे. गावाला कचेरीची भाषा कळत नाही आणि कचेरीला गावाची. गुरुजी या दोन भाषांमधले दुभाषी आहेत. परंतु दुभाष्याची शोकांतिका अशी की त्याला गावाचे दुःख अर्जाच्या नमुन्यात बसवावे लागते. अर्जात जमिनीचे क्षेत्र लिहिता येते, झाडांची संख्या लिहिता येते. गावकी-भावकीचे संबंध, पाणंदीचा वापर, बलुत्याचे देणे-घेणे लिहिण्यासाठी त्या नमुन्यात रकानाच नसतो. शिक्षण आणि विकास यांवर विश्वास ठेवणारा हा मास्तर जितका निष्ठेने अर्ज लिहितो, तितके त्याचे गाव त्याच्याच हातून यादीत आकसत जाते. या व्यक्तिरेखेचे वाचन सर्वसाधारणपणे ‘आदर्शवादाचा पराभव’ असे केले जाते. त्याऐवजी ‘लेखनिकाची शोकांतिका’ असे वाचन केल्यास ही कादंबरी अधिक खोल वाटते.

या कादंबरीची मर्यादाही येथूनच सुरू होते. तिच्या रचनेत अन्यायाची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर भ्रष्ट व्यक्तींवर येऊन पडते. लाच घेणारा कर्मचारी, शब्द फिरविणारा पुढारी, जमीन दडविणारा बागायतदार हे सारे खरे आहेत, आणि लेखकाने ते जवळून पाहिलेले आहेत यात शंका नाही. तथापि वाचक नकळत असे मानू लागतो की अधिकारी सचोटीचे असते, वाटप वेळेवर झाले असते, तर जांभळीचे दुःख टळले असते. हे अर्धसत्य आहे. नियमाप्रमाणे अचूक वाटप झाले तरीही पर्यायी जमिनीसाठी विस्थापिताला आपल्या भरपाईतील ६५ टक्के रक्कम आधी भरावी लागे. म्हणजे एका हाताने दिलेला पैसा दुसऱ्या हाताने परत जाई. नियमाप्रमाणे अचूक वाटप झाले तरीही ज्याच्या नावावर जमीन नव्हती तो सुतार, न्हावी, गुरव किंवा मजूर आपल्या पिढीजात गिऱ्हाइकांना मुकणारच होता. कारण एकाच गावाचे खातेदार चार ठिकाणी पांगले की बलुत्याचे जाळे तुटते, आणि त्या जाळ्याची भरपाई कोणत्याही निवाड्यात नसते. भ्रष्टाचार नसतानाही होणारा हा अन्याय ‘झाडाझडती’त पुरेसा पुढे येत नाही. खलपात्रांनी तो झाकला जातो.

अर्थात १९९१ च्या कादंबरीकडून २०१३ च्या कायद्याची जाणीव अपेक्षिणे योग्य नव्हे. ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेत भूमिहीन मजूर, कूळ आणि कारागीर यांचा स्पष्ट समावेश करायला केंद्रीय कायद्याला २०१३ साल उजाडावे लागले. कायद्याच्या आधी कादंबरीने ही माणसे पाहावीत, अशी वाचकाची इच्छा असते इतकेच.

पांढरी आणि काळी

दोन्ही कादंबऱ्यांच्या मध्ये एक संकल्पना ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. मराठी गावाची जुनी विभागणी पांढरी आणि काळी अशी आहे. पांढरी म्हणजे वस्तीची माती, काळी म्हणजे पिकाची. गावदेव पांढरीचा, पीक काळीचे, आणि या दोहोंतले अंतर पायी चालण्याइतके. घरातून निघालेली बाई भाकरी घेऊन बांधावर जाते आणि दिवे लागण्याआधी परतते. गावाची दिनचर्या, जनावरांच्या वाटा, बाया-बापड्यांच्या गाठीभेटी या अंतरावर अवलंबून असतात. पुनर्वसनात गावठाण एकीकडे आणि वाटपाची जमीन कित्येक कोस दुसरीकडे, असे अनेकदा घडले. कागदावर दोन्ही गोष्टी दिल्या गेल्या. नव्या गावठाणात शाळा, रस्ते, विहिरी, स्मशानभूमी अशा ज्या १८ नागरी सुविधांचा उल्लेख प्रशासनात नेहमी होतो, त्या सर्व मिळाल्या तरीही पांढरी आणि काळी यांना जोडणारी पायवाट त्या यादीत येत नाही. यजमान गावाच्या दृष्टीने नवे लोक उपरे. त्यांच्या गुरांना गायरान नाही, देवाला जत्रेत मान नाही, मुलीला स्थळ नाही. सोयरीक जुळेपर्यंत एक पिढी जाते.

‘रिंगाण’ : जे हलले नाही

कृष्णात खोत यांच्या पहिल्या कादंबरीचे नावच ‘गावठाण’ (२००५) आहे. गाव म्हणजे केवळ माणसांचा समूह नव्हे, त्यात जमीन, पाऊस, जनावरे, झाडे यांचाही सहभाग असतो, ही त्यांच्या लेखनाची भूमिका प्रारंभापासून दिसते. ‘रिंगाण’ या भूमिकेला टोकापर्यंत नेते. विस्थापित झालेल्या गावाची जनावरे मागे राहिली आहेत आणि माणसांविना रानात वाढून ती रानटी झाली आहेत. देवाप्पा आपली म्हैस परत आणण्यासाठी त्या सोडलेल्या मुलखात जातो. एवढ्याशा कथावस्तूवर, माणूस आणि जनावर यांच्या परस्परांना जोखण्यावर ही कादंबरी उभी आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर या कथावस्तूची निवड विलक्षण अर्थपूर्ण ठरते. भूमिसंपादनात मोबदला मिळतो तो स्थावराचा : जमीन, घर, विहीर, झाड. जनावर ही जंगम मालमत्ता. मालक जाईल तेथे ती जाईल असे कायदा गृहीत धरतो, म्हणून तिची नोंद भरपाईत होत नाही. ‘रिंगाण’मध्ये जंगम मानलेले जनावरच जागचे हलत नाही आणि स्थावर मानलेले गाव मात्र उठून गेलेले असते. स्थावर-जंगमाचा हा उलटा खेळ लेखकाने कोठेही सिद्धान्ताच्या भाषेत सांगितलेला नाही. तो कथेच्या हाडामांसात आहे. मालकाला न ओळखणारी म्हैस हा पंचनाम्यात न बसणारा तोट्याचा पुरावा आहे.

भाषेचा फरकही येथे लक्षात घ्यावा लागतो. ‘झाडाझडती’ची भाषा संवादप्रधान आहे, माणसे वाद घालतात, गाऱ्हाणी मांडतात, भाषणे करतात. तिचा आवाज मोर्चाचा आणि कचेरीच्या ओट्याचा आहे. ‘रिंगाण’ बोलीच्या आत शिरून पाहण्याची, वास घेण्याची, माग काढण्याची भाषा घडवते. तिच्यात अर्ज नाही, कारण समोर अर्ज घेणारे कोणी उरलेलेच नाही. शीर्षकातील ‘रिंगाण’ हे रिंगण या शब्दाचे बोलीतील रूप वारीतल्या रिंगणाची आठवण जागी करते, आणि इथे मात्र माणूस जनावराभोवती व जनावर माणसाभोवती फिरत राहते. मराठी वाचकाला भक्तीच्या शब्दातून शिकारीकडे नेणारा हा प्रवास अस्वस्थ करणारा आहे.

‘रिंगाण’ ही ‘झाडाझडती’पेक्षा अधिक कलात्मक आणि म्हणून श्रेष्ठ, असा निवाडा मात्र घाईचा होईल. ‘रिंगाण’ला कचेरी दिसत नाही, ही तिची निवड आहे आणि तिची किंमतही आहे. निसर्ग आणि माणूस यांच्या आदिम संघर्षाच्या पातळीवर कथा गेली की धरण कोणी बांधले, पाणी कोठे गेले, वीज कोणाच्या घरी लागली हे प्रश्न मागे पडतात. विस्थापन हे एखाद्या नैसर्गिक आपत्तीसारखे वाटू लागण्याचा धोका निर्माण होतो. अलीकडील समीक्षेत ‘पर्यावरणवादी जाणीव’ या नावाखाली या धोक्याकडे सहज डोळेझाक होते. ‘झाडाझडती’ निदान जबाबदार माणसांची नावे तरी विचारते. ‘रिंगाण’ला वगळले गेलेले दिसते आणि ‘झाडाझडती’ला वगळणारे. या दोन दृष्टी एका कलाकृतीत एकत्र येण्याची वाट मराठी वाचक अद्याप पाहत आहे.

काठावर राहिलेले

दोन्ही कादंबऱ्यांत न आलेली एक तिसरी जागा आहे : जलाशयाचा काठ. पाण्याची पातळी जेथे थांबते त्याच्या वर जी गावे राहिली, ती कायद्याने बुडालेली नाहीत, म्हणून विस्थापितही नाहीत. कोयनेच्या शिवसागराभोवतीच्या अशा गावांची स्थिती पाहण्याजोगी आहे. खोऱ्याच्या तळातील सपाट खाचरे गेली आणि उतारावरची नाचणी-वरीची जमीन उरली. पूर्वी नदी ओलांडून पलीकडे जाता येत होते, आता मध्ये मैलभर पाणी आहे. सासर एका काठाला आणि माहेर दुसऱ्या काठाला अशी स्थिती झालेल्या स्त्रीला जे अंतर पूर्वी पायाने चालता येत होते, ते आता बामणोली किंवा तापोळ्याच्या लाँचवर अवलंबून झाले. संकलन यादीत स्त्री बहुधा कुटुंबप्रमुखाची आश्रित म्हणून येते. काठावरच्या स्त्रीला तर यादीच नाही, कारण तिचे घर कोरडे आहे. तरणी माणसे मुंबईला गेली, बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहू लागली, आणि घरांतून म्हातारी माणसे, सुना व मुले एवढेच उरले. जावळीतून होणारे स्थलांतर धरणाच्या आधीही होते हे मान्य करावे लागेल; परंतु भाताची खाचरे गेल्यावर परतण्याचे कारणही गेले.

पुढे १९८५ मध्ये हा परिसर कोयना अभयारण्य झाला, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला. धरणाने माणसे कमी केली, जंगल वाढले, आणि वाढलेल्या जंगलाच्या संरक्षणासाठी गाभा क्षेत्रातील काही गावांवर पुन्हा उठण्याची वेळ आली. एका सरकारी निर्णयाचा परिणाम दुसऱ्या सरकारी निर्णयाचे कारण व्हावा, हा योग कादंबरीकाराने कल्पिला असता तर समीक्षकांनी त्याला कृत्रिम म्हटले असते. आता या काठावर पर्यटकांचे तंबू आणि नौकाविहार आहे. शहरातून येणाऱ्याला हे ‘निसर्गरम्य सरोवर’ वाटते. स्थानिक नावाडी त्याला पाण्यातल्या एखाद्या जागेकडे बोट दाखवून तेथे कोणाचे शिवार होते ते सांगतो. त्याच्या बोलण्यात गुरुजींचा अर्ज नाही आणि देवाप्पाचा मागही नाही. पर्यटक उतरून गेल्यावर तो लाँच वळवतो आणि पलीकडच्या काठावर डोक्यावर गाठोडे घेऊन उभ्या असलेल्या बाईला घ्यायला निघतो.